श्रेयाचे वाटेकरी

दरवर्षी जुलै महिना लागला की १९९१ सालच्या आर्थिक धोरणाचे स्मरणोत्सव सुरू होतात, आणि त्या उत्सवांत दोन परींचे स्तुतिपाठक हटकून हजर असतात. पहिल्यांचे प्रतिपादन असे की, नरसिंह राव आणि मनमोहन सिंग यांनी धैर्य दाखवून परवान्यांचे जोखड फेकून दिले नसते, तर आज ज्या भारतीय कंपन्यांची नावे लंडन-न्यूयॉर्कच्या बाजारपेठांत आदराने घेतली जातात, त्यांपैकी क्वचितच एखादी उदयास आली असती. दुसऱ्यांचे म्हणणे असे की, सरकारने केले ते फार तर वाटेतून बाजूला होण्याचे काम, आणि बाजूला होणाऱ्याला चालणाऱ्याच्या प्रवासाचे श्रेय देणे हा शुद्ध अविवेक होय. दोन्ही पक्ष वस्तुतः आपापल्या नायकांची चरित्रे लिहीत असतात, आणि चरित्रकाराला नायकाखेरीज इतर पात्रे नेहमीच अडचणीची वाटतात. म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांचे हे दप्तर एकदा सावकाशीने उलगडून पाहणे अस्थानी ठरू नये.

वादाचे मूळ १९९१ च्या पुष्कळच मागे आहे. जमशेटजी टाटांच्या पश्चात त्यांच्या चिरंजीवांनी पोलादाच्या कारखान्यासाठी लंडनच्या सावकारी पेढ्यांकडे भांडवल मागितले, तेथे दाद लागली नाही, आणि १९०७ साली स्वदेशीच्या लाटेत अवघ्या तीन आठवड्यांत हिंदी भागधारकांनी ते उभे करून दिले, ही कथा उद्योगपुरुषांच्या पराक्रमाचा पहिला अध्याय म्हणून सांगितली जाते, आणि ती खरीही आहे. परंतु तिचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातील स्वस्त पोलाद आपल्या बंदरांत येऊन पडू लागले, तेव्हा जमशेदपूरचा कारखाना बंद पडण्याच्या बेतास आला होता, आणि १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळाने संरक्षक जकातीचा कायदा संमत केला म्हणून तो तरला. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण तर आपल्या अधिक परिचयाचे. बेळगावात सायकली विकता विकता लोखंडी नांगर घडवू लागलेल्या या गृहस्थास नगरपालिकेच्या नव्या वसाहतीपायी जागा सोडणे भाग पडले, आणि औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ देऊ केला नसता, तर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली नसती. एका सत्तेने उठवले आणि दुसरीने बसवले; मधल्या काळात लोखंड ओतण्याची विद्या मात्र लक्ष्मणरावांची स्वतःची होती.

वालचंद हिराचंद यांच्याइतका सरकारशी भांडलेला आणि तरीही सरकारावाचून ज्याचे पान हलत नव्हते असा उद्योजक त्या पिढीत दुसरा दाखवता येणार नाही. १९१९ साली त्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून लंडनकडे निघाली, तेव्हा परकीय कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून तिची कोंडी करण्यास विलंब लावला नाही. आणि पुढे किनाऱ्यावरील वाहतूक स्वदेशी जहाजांसाठी राखून ठेवावी म्हणून कायदेमंडळात विधेयक आणण्याची जी खटपट झाली, तीवरून सागराइतकेच कायद्याचे पुस्तकही आपले क्षेत्र आहे, हे सिंदियाच्या धुरीणांनी ओळखले होते असे म्हणावे लागते. १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीने वालचंदांनी बंगळूरला विमानांचा कारखाना काढला आणि दोन वर्षांत तो हिंदुस्थान सरकारने आपल्या ताब्यात घेतला. १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया घातला. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारींची कंपनी स्थापिली. सोलापुरात जन्मलेल्या एका माणसाने एवढे आरंभ एकट्याच्या हयातीत करावेत, याचे नवल आजही ओसरत नाही.

याच सुमारास घडलेली एक गोष्ट उद्योगपतींच्या आजच्या स्तुतिपाठकांना फारशी सोयीची नाही. १९४४ च्या जानेवारीत ‘मुंबई योजना’ या नावाने ओळखला जाणारा जो मसुदा प्रसिद्ध झाला, त्यावर जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास, कस्तुरभाई लालभाई, लाला श्रीराम, ए. डी. श्रॉफ, अर्देशीर दलाल आणि जॉन मथाई यांच्या सह्या होत्या. आणि त्यात पंधरा वर्षांत दहा हजार कोटी रुपये गुंतवून दरडोई उत्पन्न दुप्पट करण्याचा जो संकल्प सोडला होता, तो राज्यसंस्थेने अर्थव्यवहारावर नियंत्रण ठेवावे, मूलभूत उद्योगांत स्वतः उतरावे आणि परकीय मालापासून देशी उद्योगास आडोसा द्यावा या गृहीतावर उभा होता. नियोजनाचे हे सारे ओझे केवळ नेहरूंनी समाजवादाच्या छंदापायी भांडवलदारांच्या मानेवर ठेवले, ही समजूत म्हणूनच अर्धवट आहे. आडोसा हवा होता तो उभयतांना. आडोशासोबत दारावर पहारेकरी येतो, हे तेवढे भांडवलदारांच्या ध्यानात उशिरा आले.

तो पहारेकरी १९५१ च्या उद्योग (विकास व विनियमन) कायद्याने आला. कोणी, काय, किती आणि कोठे उत्पादन करावे, हे दिल्लीतील दफ्तरांत ठरू लागले. १९६९ साली मक्तेदारीविरोधी कायदा आणि १९७३ साली परकीय चलन नियमनाचा कायदा येऊन ही तटबंदी पुरी झाली. राजगोपालाचारींनी या व्यवस्थेस ‘परमिट-लायसन्स राज्य’ म्हणून हिणवले, आणि शंतनुराव किर्लोस्करांसारखे स्पष्टवक्ते उद्योगपती तिच्यावर भर सभांतून टीका करीत राहिले. तथापि सगळेच काही शंतनुराव नव्हते. १९६७ साली मुंबई विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ आर. के. हजारी यांनी परवाना पद्धतीची जी चौकशी केली, तीतून असे निष्पन्न झाले की, बिर्लांच्या घराण्याने एकाच मालासाठी अनेक अर्ज गुदरून ठेवले होते आणि त्यांतील कित्येक परवाने कारखाना न उभारता तसेच पडून होते. परवाना म्हणजे उत्पादनाची परवानगी, अशी सरकारची समजूत. दुसऱ्याला उत्पादन करू न देण्याची सनद म्हणूनही तो वापरता येतो, हे व्यापारी बुद्धीने पहिल्या दहा वर्षांतच हेरले.

या व्यवस्थेने चांगल्या माणसांचे काय केले, याचा पुरावा वालचंदांच्याच कारखान्यात सापडतो. ज्या मोटार कंपनीसाठी त्यांनी परकीय सत्तेशी झुंज घेतली, त्या कंपनीने त्यांच्या निधनानंतर जी फियाट घडवली, ती पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने, अंगोपांगांत किरकोळ फेरफार करून, शतक संपत येईपर्यंत निघत राहिली. ग्राहक रांगेत उभा असताना नवे नमुने काढण्याचा खटाटोप कोण करील? आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी तर लोक आठ-आठ, दहा-दहा वर्षे नंबर लावून बसत. नंबर लागला की गाडी घरी येण्यापूर्वीच तिच्यावर चढे भाव बोलले जात, आणि लग्नाच्या याद्यांत ‘चेतक’ सोन्याच्या बरोबरीने मांडली जाई. राहुल बजाज पुढे अनेकदा सांगत की, लोकांना हवी असलेली वस्तू मर्यादेबाहेर बनवली म्हणून तुरुंगात जावे लागले असते तरी आपली तयारी होती. त्यांच्या या उक्तीतील त्वेष अस्सल होता, याविषयी शंका नाही. परंतु ज्या रांगेने त्यांना चिडवले, तिनेच त्यांना विक्रीच्या चिंतेतूनही मुक्त ठेवले होते, हेही नमूद केले पाहिजे.

मात्र त्या चाळीस वर्षांना सरसकट वनवास म्हणणे मला मान्य नाही. पुढे जी फळे आली, त्यांची कलमे याच काळात बांधली गेली होती. पिंपरी-चिंचवडचा पट्टा पाहा. १९५४ साली सरकारने तेथे पेनिसिलिनचा कारखाना काढला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात येऊन जमीन, पाणी व रस्ते यांची तरतूद झाली, आणि त्या दशकात टाटांची मालमोटारींची कंपनी टेल्को तेथे आली, तेव्हा सुमंत मुळगावकरांनी मालमोटारींच्या आधी यंत्रावर काम करणारे हात घडवण्याची व्यवस्था लावली. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. पण कायद्याने सांगितले तेवढेच करून थांबणारे कारखानदार पुष्कळ होते, आणि मुळगावकरांसारखे थोडे. १९९८ साली पुण्याच्या त्याच कारखान्यातून ‘इंडिका’ ही मोटार बाहेर पडली, तेव्हा तिच्या मागे आर्थिक उदारीकरणाची सात वर्षे होती आणि मुळगावकरांनी सुरू केलेल्या तालमीची तीस.

औषधांच्या बाबतीत तर राजकीय निर्णयाचे श्रेय निर्विवाद आहे, आणि गंमत अशी की, तो निर्णय उदारीकरणाच्या व्याख्येत कोठेच बसत नाही. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या अहवालावर आधारलेल्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधी द्रव्यावरचे पेटंट रद्द केले आणि केवळ निर्मितीच्या प्रक्रियेवरचे ठेवले; त्याबरोबर तेच द्रव्य निराळ्या रीतीने तयार करण्याची मुभा देशी रसायनज्ञांना मिळाली, आणि सिप्ला, रॅनबॅक्सी, डॉ. रेड्डीज यांसारख्या कंपन्या त्या मुभेवर मोठ्या झाल्या. २००१ साली सिप्लाचे युसूफ हमीद यांनी एड्सवरील औषधे दिवसाला एका डॉलरहूनही कमी किमतीत देऊ केली आणि जगातील औषधव्यापाराचे भाव कोसळले, यात त्यांची हिंमत जितकी, तितकाच तीस वर्षांपूर्वीचा तो कायदा. संगणकाच्या क्षेत्रातील प्रकार त्याहून विलक्षण. टाटांनी १९६८ साली टीसीएस काढली आणि फकीरचंद कोहलींनी ती वाढवली. पण १९७८ साली परकीय भागभांडवलाच्या नियमाला कंटाळून आयबीएम या देशातून निघून गेली, तेव्हा तिने मोकळ्या केलेल्या जागेत देशी अभियंत्यांना निरनिराळ्या बनावटींच्या यंत्रांवर हात चालवावा लागला. आयबीएम जावी ही ज्यांची इच्छा होती, त्यांच्या स्वप्नातही पुढील सॉफ्टवेअर-निर्यात नव्हती.

ऐंशीच्या दशकाविषयी पंडितांत एकमत नाही. विकासाचा वेग साडेतीन टक्क्यांच्या परिसरातून साडेपाचांकडे सरकला तो १९९१ नंतर नव्हे, त्याच्या दहा वर्षे आधी, असे दानी रॉड्रिक आणि अरविंद सुब्रमणियन यांनी दाखवले, आणि त्याचे कारण सरकारच्या बदललेल्या कलात शोधले. अरविंद पनगढिया यांनी त्यास हरकत घेऊन, ती वाढ कर्जाऊ आणि ठिसूळ होती, असा प्रतिपक्ष मांडला. या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. महाराष्ट्रापुरती एक आठवण मात्र सांगण्यासारखी आहे: १९८२ च्या जानेवारीत सिमेंटच्या वाटपावरून उठलेल्या वादळात राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले, आणि फेब्रुवारी संपताना केंद्राने सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त केले. त्याच जानेवारीत मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. गिरण्यांच्या जागी आज ज्या कंपन्यांची कचेरी-मंदिरे उभी आहेत, त्यांच्या उत्कर्षाचा मागोवा घेताना या कामगारांचे नाव दोहोंपैकी एकाही पक्षाच्या चरित्रात येत नाही.

आता १९९१. मे महिन्यात वीस टन सोने स्वित्झर्लंडकडे गेले, जुलैत आणखी सत्तेचाळीस टन गहाण पडले. परकीय गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. १ आणि ३ जुलै रोजी, दोन पावलांत, रुपयाचे अवमूल्यन झाले. २४ जुलैला मनमोहन सिंग अर्थसंकल्प मांडणार म्हणून साऱ्यांचे डोळे तिकडे लागले असताना, त्याच दिवशी, त्याआधी काही तास, उद्योग खात्याचे राज्यमंत्री पी. जे. कुरियन यांनी औद्योगिक धोरणाचे निवेदन फारसा गाजावाजा न करता सभागृहाच्या पटलावर ठेवले. अठरा उद्योग वगळून बाकी सर्वांचे परवाने त्याने रद्द केले, मोठ्या घराण्यांच्या विस्तारावरील मक्तेदारी कायद्याची मर्यादा उठवली, आणि चौतीस उद्योगांत एक्कावन्न टक्के परकीय भागभांडवलास आपोआप मंजुरी दिली. उद्योग खाते नरसिंह रावांनी स्वतःकडे ठेवले होते. तरीही त्यांनी ते निवेदन स्वतः केले नाही. पुढे ज्यांना या सुधारणेचे जनक म्हटले जाते, त्यांनी तिच्या जन्मसमयी पडद्याआड राहणे पसंत केले, यात भित्रेपणा पाहावा की मुत्सद्देगिरी, हे ज्याने त्याने ठरवावे. मी मुत्सद्देगिरी मानणाऱ्यांपैकी आहे. धोरणाचे मसुदे आधीच्या दोन सरकारांच्या काळापासून तयार होत आले होते, संकटाने ते पुढे रेटले हेही खरे. पण संकटे यापूर्वीही आली होती. १९६६ साली अवमूल्यन झाले आणि त्यानंतर तीन वर्षांनी मक्तेदारी कायदा आला. संकटातून कोणते दार निघते, ते शेवटी माणसेच ठरवतात.

आणि उद्योगपती? १९९३ साली राहुल बजाज यांच्यासह काही मोठ्या घराण्यांचे धुरीण मुंबईत एकत्र आले, आणि परकीय कंपन्यांशी झुंजण्याआधी आम्हांस समतल रणभूमी द्या, असे गाऱ्हाणे त्यांनी सरकारपुढे ठेवले. वृत्तपत्रांनी त्यांना ‘बॉम्बे क्लब’ म्हणून चिडवले. महाग व्याज, अपुरी वीज, गुंतागुंतीचे कर या त्यांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. पण ज्या वर्गाला आज या क्रांतीचा नायक म्हणून मिरवले जाते, त्यातील बडे लोक दोन वर्षांनंतरही तिच्याकडे संशयाने पाहत होते, हे विसरून चालणार नाही. त्याच वर्षी एक छोटी कंपनी बाजारात भाग विकण्यास आली. १९८१ साली सात अभियंत्यांनी दहा हजार रुपयांवर पुण्यात सुरू केलेली आणि नंतर बंगळूरला गेलेली इन्फोसिस ती हीच. एक यंत्र परदेशातून आणायचे तर दिल्लीच्या खेपा घालाव्या लागत, दूरध्वनी मिळण्यास वर्षे लागत, हे नारायण मूर्तींनी पुष्कळदा सांगितले आहे. भागाची किंमत ठरवण्याचा अधिकार १९९२ पर्यंत भांडवल-नियंत्रक नामक सरकारी अधिकाऱ्याच्या हाती होता. ते पद बरखास्त झाले म्हणून दहा रुपयांचा भाग ९५ रुपयांस मांडता आला. तरीही लोकांनी तो पुरता उचलला नाही, आणि उरलेला वाटा एका परकीय गुंतवणूक पेढीने घेतला. सहा वर्षांनी ती कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅकवर नोंदवली गेली.

सुधारणेचे श्रेय मोजायचे असेल तर माझ्या मते ते येथे मोजावे. नेत्यांच्या ओळखीची जी घराणी होती, ती तिने किती वाढवली, हा हिशेब दुय्यम. ज्यांचे नावही कोणत्या खात्याच्या दफ्तरी रुजू नव्हते, अशांपैकी किती जण आत येऊ शकले, हा खरा. जुन्या तालेवारांपैकी मफतलाल, थापर, बांगूर यांचे स्थान पुढील वीस वर्षांत ढळले. बजाजांनी मात्र, मोटारसायकलींनी स्कूटरला मागे टाकल्यावर, २००१ साली ‘पल्सर’ काढून स्वतःला सावरले, आणि २००९ साली स्कूटरचे उत्पादनच थांबवले. गाऱ्हाणे घेऊन गेलेल्या माणसाने लढाईही जिंकून दाखवली. उद्योगपतीच्या कर्तृत्वाला यापरते प्रमाणपत्र नको, आणि ते ज्या स्पर्धेमुळे मिळाले, ती त्यांनी मागितलेली नव्हती.

एकट्या कर्तृत्वाने भागले असते, तर तयार कपड्यांच्या व्यापारात आपण बांगलादेशाच्या मागे का पडलो? कापूस, सूत, शिंपी आणि व्यापारी, यांपैकी कशाचीही येथे वाण नव्हती. पण कपडे शिवण्याचा उद्योग २००१ पर्यंत लघुउद्योगांसाठी राखीव होता, आणि हजार शिलाईयंत्रांचा कारखाना काढणे म्हणजे कायद्याशी लपाछपी खेळणे होते. उलट कायद्याने सारे घडत असते, तर एकच धोरण लाभलेल्या देशात पुणे, बंगळूर आणि हैदराबाद बहरावीत आणि बिहार मागे राहावा, याची संगती लागत नाही. बिहारचा प्रश्न निघालाच तर हेही बोलून टाकावे, की पोलाद सर्वत्र एकाच भावाने मिळावे म्हणून वाहतुकीचा खर्च समान करण्याचे जे धोरण पन्नाशीच्या दशकापासून चालले, त्याने खाणीशेजारच्या प्रांतांचा नैसर्गिक लाभ हिरावला आणि मुंबई-पुण्याकडील कारखान्यांना स्वस्त लोखंड पुरवले. महाराष्ट्राच्या उद्योगवैभवाच्या गौरवग्रंथांत या देणगीची नोंद मी तरी वाचलेली नाही.

परवान्याचे राज्य गेले, असे म्हणण्याचीही घाई नको. उत्पादनाच्या परवान्याला किंमत उरली नाही, तेव्हा ती रेडिओलहरी, खाणी आणि जमिनी यांच्या वाटपात शिरली. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचाराचे १२२ परवाने रद्द केले. २०१४ साली २०० हून अधिक कोळसा खाणींचे वाटप मोडीत काढले. या काळात वर आलेल्या काही उद्योगांविषयी त्यांच्या नेत्याचे कर्तृत्व कोणते आणि दरबारी वजन कोणते, हे निवडणे अवघड जाते, आणि अशांचीच चरित्रे सर्वांत चकचकीत कागदावर छापली जातात.

लघुउद्योगांच्या राखीव यादीचे शेपूट तर २०१५ च्या एप्रिलपर्यंत शिल्लक होते. त्या महिन्यात उरलेल्या वीस वस्तू मोकळ्या झाल्या, त्यांत लोणची, पाव, मोहरीचे तेल, मेणबत्त्या, उदबत्त्या, काचेच्या बांगड्या, शाळेच्या वह्या आणि लोखंडी कपाटे होती. चोवीस वर्षे चाललेल्या या कामाचा शेवटचा हप्ता खात्याच्या एका अधिसूचनेने पार पडला. त्याचे श्रेय घेण्यास ना कोणी मंत्री पुढे आला, ना कोणी उद्योगपती.